आबांचा चंद्र आणि समोरचा पाट

“आणि मला विचारतात, मग तो झेंडा फडफडला कसा? मला विचारतात, शास्त्रीबुवा! मला!”

शशिकांत नलवडे पायरीवरूनच सुरू झाला होता. चपला अजून पायांतच होत्या.

शास्त्रीबुवा ओसरीवर पावटे सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कोण विचारतं?”

“आबा!”

“चपला काढ.”

शशिकांतनं चपला अशा काढल्या, की एक पायरीखाली गेली आणि दुसरी कुंडीत. मग तो ओसरीवर आला, बसला, लगेच उठला, पुन्हा बसला.

या दोघांची ओळख आधीच करून दिलेली बरी. नाहीतर भांडण कुणाचं आणि मधे पावटे का, असं व्हायचं.

शास्त्रीबुवांची ही तर्काची पाठशाळा, कृष्णेच्या काठाला, घाटाला लागून. पाठशाळा म्हणायची ती जुन्या सवयीनं. आता दोन विद्यार्थी उरलेत आणि तेही सुट्टीत उगवतात. पण एके काळी वाद कसा घालावा हे शिकायला इथं लांबलांबून पोरं येत. शिंप्याचं, कासाराचं, रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचं, कुणाचंही पोर चाले. अट एकच होती, आवाज चढवायचा नाही.

शशिकांत लहानपणी इथं कित्येक सुट्ट्या काढून गेला होता. सगळं शिकला. ती अट तेवढी राहिली.

पुढं तो तालुक्याच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायला लागला आणि दरवर्षी जुलै महिन्यात ‘चांद्रमोहिमा : समज आणि गैरसमज’ या विषयावर व्याख्यान देऊ लागला. माणूस हुशार, वाचलेला, प्रामाणिक. पण समोरच्याचं वाक्य काही पुरं होऊ द्यायचा नाही. समोरच्यानं ‘झें’ म्हणायचा अवकाश, यानं झेंड्याची सगळी हकिकत सांगून पाणीसुद्धा पिऊन घेतलेलं असायचं.

“विष्णूला आत्ताच झेंड्याचं काय पडलंय?” शास्त्रीबुवांनी विचारलं.

विष्णू म्हणजे शशिकांतचे आबा. बाजारपेठेत त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं.

“फोन आलाय ना हातात! कोण कुठले व्हिडिओ येतात आणि आबा दिवसभर बघत बसतात. चंद्रावर कुणी गेलंच नाही म्हणे. स्टुडिओत वाळू पसरली, वरून दिवे सोडले आणि चित्रीकरण केलं म्हणे. अहो, कुणी दुसऱ्यानं म्हटलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण आबा? ज्यांनी मला चंद्र दाखवला, ते आबा?”

“हळू बोल. पावटे बिचकतात.”

“त्यांनी स्वतः ऐकलंय, शास्त्रीबुवा! एकोणसत्तर सालची ती सकाळ!”

ती सकाळ शशिकांतच्या जन्माआधीची. पण स्वतःच्या लग्नापेक्षा ती त्याला चांगली आठवत होती, इतक्या वेळा आबांनी सांगितली होती. दुकानाच्या फळीवर मोठा रेडिओ ठेवलेला. परदेशी स्टेशन लावलेलं. बाहेर भुरभुर पाऊस आणि त्या पावसात अख्खा बाजार डोक्यावर पोती घेऊन उभा. आतून इंग्रजी बोलणं येतंय आणि तरणेताठे आबा फळीवर चढून एकेक वाक्य मराठीत करून सांगतायत. पोराचं नाव शशिकांत ठेवलं, तेही त्या सकाळच्या आठवणीनंच.

“मग बिनसलं कुठं?”

“व्याख्यानात. परवा. आबा नेहमीसारखे पहिल्या रांगेत. मी शेवटाला आलो, ते वाक्य घेतलं...”

“कुठलं वाक्य?”

शशिकांतचा आवाज आपोआप व्याख्यानाचा झाला. “चंद्रावरून तो पहिला माणूस बोलला ते. ‘इथं वारा नाही, पाणी नाही, हाक मारली तर ऐकायला कुणी नाही.’ दरवर्षी मी त्यावरच संपवतो. सगळं सभागृह चिडीचूप होतं.”

“हं.”

“आणि आबा उभे राहिले. म्हणाले, ‘शशी, हे सगळं खोटं आहे.’ भर सभेत! शंभर माणसांसमोर!”

“तू काय म्हणालास?”

“म्हणालो... खाली बसा.”

“एवढंच?”

शशिकांतनं ओसरीच्या खांबाकडं पाहिलं.

“म्हणालो, आबा, तुम्हाला यातलं काही कळत नाही. खाली बसा.”

“बसला?”

“बसले.”

शास्त्रीबुवांनी एक शेंग उकलली. आत दाणा किडका निघाला. तो त्यांनी अंगणात भिरकावला.

“दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी भरली आणि एसटीनं फलटणला गेले. कुंदाकडं.” कुंदा म्हणजे त्याची धाकटी बहीण. “फोन केला तर कुंदाच बोलते. म्हणते, दादा, आबा परत यायचं नाही म्हणतायत. घरात बायको माझ्याशी धड बोलत नाही. जसं काही चंद्रावर मीच गेलो होतो!”

“माझ्याकडं कशाला आलास?”

“तुम्ही त्यांना सांगा. तुमचं ते ऐकतात. एकदा, फक्त एकदा म्हणू द्या त्यांना, की होय, माणूस चंद्रावर गेला होता. मग मी स्वतः गाडी काढतो आणि त्यांना घरी आणतो.”

“आणि नाही म्हटलं तर?”

“तर... राहू देत तिकडंच!”

बोलून गेला आणि स्वतःच दचकला. आबांचं वय ऐंशीला टेकलेलं. तिकडंच म्हणजे कायमचंच, हे त्यालाही कळत होतं. पण तोंडातून गेलेलं परत कसं घ्यायचं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. शास्त्रीबुवांनी शिकवलं होतं, पण तेव्हा हा ऐकत नव्हता.

शास्त्रीबुवांनी सुपली बाजूला सरकवली.

“पाट मांड.”

“शास्त्रीबुवा, मी काय आता पोर आहे...”

“मांड.”

या पाटांचं सांगायला हवं. पाठशाळेत समोरासमोर दोन पाट मांडत. एक आपला, एक समोरच्याचा. वादाची सुरुवात आपल्या पाटावरून करायची नाही, समोरच्याच्या पाटावर बसून करायची. म्हणजे ज्याचं म्हणणं खोडायचंय, त्याचं म्हणणं आधी आपल्याच तोंडानं मांडायचं. आणि असं मांडायचं, की ऐकून त्यानं मान डोलवावी आणि म्हणावं, ‘हो, मला हेच म्हणायचं होतं.’ याला म्हणतात पूर्वपक्ष. ती मान हलल्याशिवाय आपल्या पाटावर परतायचं नाही आणि उत्तर तर मुळीच द्यायचं नाही. किती पोरं या अटीला वैतागून पळाली त्याला गणती नाही. एकानं तर पाटच नदीत टाकला. तो पुढच्याच घाटाला अडकला, कोळ्यांनी आणून दिला आणि शास्त्रीबुवांनी त्याच ओल्या पाटावर त्या पोराला बसवलं.

शशिकांतनं भिंतीशी टेकवलेले पाट आणले, मांडले आणि सरळ आपल्या पाटावर बसला.

“पहिली गोष्ट, झेंडा! झेंड्याच्या वरच्या कडेतून आडवी काठी घातली होती. तिथं वारा नाही, तर झेंडा लोंबून राहील, हे त्यांना ठाऊकच होतं. काठी रोवताना झेंडा हलला. आणि हवा नाही म्हणूनच हलत राहिला, थांबवायला काही नाही तिथं. दुसरी गोष्ट, तारे...”

“शशा.”

“तारे का दिसत नाहीत? उन्हात लखलखणाऱ्या जमिनीचा फोटो काढायचा तर कॅमेऱ्याची झडप क्षणभरच उघडावी लागते. तेवढ्यात ताऱ्यांचा उजेड येणार कुठून? लग्नाच्या मांडवात दिव्यांखाली फोटो काढून बघा, वरचे तारे येतात का!”

“शशा, तू उत्तरं देतोयस. प्रश्न अजून आलेला नाही. पाट बदल.”

शशिकांत तणतणत उठला आणि समोरच्या पाटावर जाऊन आदळला. मग त्यानं गाल आत ओढले, मान डगडग हलवली आणि म्हाताऱ्याचा आवाज काढला.

“काय की बाबा, झेंडा फडफडतोय आणि वारा न्हाई म्हणत्यात...”

एक पावट्याचं टरफल येऊन त्याच्या कपाळाला लागलं.

“वेडावून दाखवायला बोलावलं नाही. मांड.”

“मांडतो!” शशिकांत ओरडला. मग अट आठवली आणि आवाज खाली आला. “मांडतो. आबांचं म्हणणं असं. एक, हवा नाही तर झेंडा हलला कसा. दोन, काळं आभाळ आहे तर तारे कुठं गेले. तीन, पहिला माणूस उतरला तेव्हा खाली उभं राहून त्याचं चित्र कुणी घेतलं... अहो, यानाच्या बाहेरच्या अंगाला कॅमेरा बसवलेला होता! कुणी खाली कशाला उभं राहायला हवं?”

“हा कुठल्या पाटावरचा आवाज?”

“चुकलो. चार, वर गेलं की वजन नाहीसं होतं, मग तिथं माणसं चालली कशी? अंतराळात गुरुत्वाकर्षण नसतं, मग... हे तर मला सहनच होत नाही, शास्त्रीबुवा! कसं नसतं? पृथ्वीभोवती फिरणारं यान सारखं पडतच असतं, आतली माणसंही त्याच्याबरोबर पडत असतात, म्हणून तरंगल्यासारखी दिसतात. शिकलीसवरलेली माणसं हेच विचारतात! बँकेचे मॅनेजर विचारतात! आमचे मुख्याध्यापक विचारतात! आणि चंद्राला स्वतःचं गुरुत्वाकर्षण आहे, कमी आहे, पण आहे, नाहीतर...”

“पाट.”

शशिकांतनं दोन्ही हातांनी डोकं धरलं.

खरं सांगायचं तर त्याचं सगळं बरोबर होतं. एकही अक्षर चुकीचं नव्हतं. त्यामुळंच तर ऐकणाऱ्याला त्याचा इतका वैताग यायचा.

“पाच,” तो दातओठ खात म्हणाला, “एकदा जमलं होतं तर बहात्तरनंतर तिथं कुणी पाय का ठेवला नाही. झालं. हे आबांचं म्हणणं.”

“झालं?”

“झालं.”

“फोन हातात येण्याआधी विष्णूनं यातलं काही म्हटलं होतं?”

“नाही.”

“मग हे फोनचं म्हणणं झालं. विष्णूचं मांड.”

“त्यांचं निराळं काही नाहीच!”

“विचारलंस?”

“त्यात विचारायचं काय? सूर्य कुठं उगवतो हे मी दारोदार विचारत फिरू का?”

“विचारलंस का?”

शशिकांतनं पाटाची कड नखानं खरवडली.

“शशा, मी काय विचारतोय?”

“नाही विचारलं.”

शास्त्रीबुवांनी पुन्हा सुपली ओढली.

“मान हलवायला माणूस हवा. लाव फोन.”

“आत्ता?”

“नाही, कार्तिकात लाव. तोवर मी जिवंत असलो तर बघू.”

शशिकांतनं फोन लावला. शास्त्रीबुवांनी बोटानं खूण केली. त्यानं फोन मोठ्या आवाजावर टाकून दोन पाटांच्या मधे ठेवला.

कुंदानं उचलला.

“दादा, पुन्हा भांडायचं असेल तर मी ठेवते. कालपासून ते नीट जेवलेले नाहीत.”

“भांडत नाही ग. दे त्यांना. मला त्यांचं म्हणणं मांडायचंय.”

“काय मांडायचंय?”

“त्यांचं म्हणणं! त्यांच्याच वतीनं!”

“बरा आहेस ना तू?”

“कुंदे, दे ग बाई!”

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मग खोकला. मग...

“हं.”

तेवढंच. शंभर माणसांसमोर न अडखळणारा हा गृहस्थ एका ‘हं’पुढं गडबडला.

“आबा, मी शास्त्रीबुवांकडं आलोय. तुमच्या पाटावर बसलोय. तुमचं म्हणणं मी सांगतो. बरोबर असेल तर हो म्हणा.”

आणि त्यानं सांगितलं. झेंडा, तारे, कॅमेरा, वजन, बहात्तर साल. या खेपेला मधे एकही उत्तर घुसू दिलं नाही. घाम फुटला, पण नाही दिलं.

“आबा? हेच ना?”

“हे कुणाचं?”

“तुमचं.”

“छे रे. हे सगळं त्या व्हिडिओतलं. झेंड्याच्या काठीचं तू मला आठवीत असताना समजावलं होतंस. केरसुणीच्या काडीला माझा रुमाल अडकवून दाखवला होतास. विसरलो की काय मी?”

शशिकांतनं शास्त्रीबुवांकडं पाहिलं. शास्त्रीबुवा पावटे सोलत होते.

“मग... मग तुम्ही खोटं आहे, खोटं आहे, कशावरून म्हणता?”

“ती सकाळ,” आबा म्हणाले. “रेडिओवर नुसती खरखर. त्यातनं मधेच इंग्रजी. आणि सगळा बाजार माझ्या तोंडाकडं बघत उभा. ‘विष्णू, काय म्हणतोय? विष्णू, काय म्हणतोय?’ मला इंग्रजी कुठं येत होतं, शशी? व्हॉल्व्हवरची अक्षरं वाचण्यापुरतं. पण मी रेडिओवाला. मला येत नाही, हे सांगू कसा? म्हटलं, ‘म्हणतोय, माती पिठासारखी बारीक आहे.’ लोक खूश झाले.”

“आबा...”

“ऐक. मग थांबता येईना. म्हटलं, ‘म्हणतोय, इथं वारा नाही.’ पुन्हा विचारलं, तर म्हटलं, ‘पाणी नाही.’ आणि ते हाक मारायचं...”

शशिकांत फोनवर वाकला.

“ते पण मीच. नवीन दुकान, गिऱ्हाईक येत नव्हतं, दिवसचे दिवस एकटा बसून असायचो. आलं तोंडात. तो माणूस काय बोलत होता, देव जाणे.”

दरवर्षी. दरवर्षी त्यानं ते वाक्य म्हटलं होतं. शाळेच्या फळ्यावर लिहिलं होतं. एका दिवाळी अंकात त्याच्या लेखाखाली ते ठळक छापून आलं होतं. दुसऱ्यांच्या चुका काढताना पुरावा काय, पुरावा काय, म्हणून त्यानं माणसांना सळो की पळो करून सोडलं होतं. आणि हे एक वाक्य त्यानं एकदाही तपासलं नव्हतं. ते आबांनी ऐकलेलं होतं, मग तपासायचं काय?

त्याला आबांचा भयंकर राग आला. मग स्वतःचा आला. कुणाचा जास्त ते त्याला ठरवता येईना.

“मला सांगितलं का नाही?”

“सांगणार होतो. तू सातवीत होतास. ते वाक्य ऐकून तुझे डोळे भरले. म्हटलं, उद्या सांगू. मग तू मास्तर झालास, व्याख्यानं द्यायला लागलास. दरवर्षी हाताला धरून मला पहिल्या रांगेत बसवायचास. शेवटी माझीच थाप तू मला ऐकवायचास. लोक टाळ्या वाजवायचे. मला घरी येऊन जेवण जायचं नाही.”

शास्त्रीबुवांनी हातातली शेंग सुपलीत ठेवली.

“मग तो व्हिडिओ आला. म्हणाला, सगळी थाप आहे. मला वाटलं, असणार. मी दुकानाच्या फळीवरनं अख्खा बाजार फसवला. कुणी विचारलं नाही. माझ्या स्वतःच्या पोरानं विचारलं नाही, आणि तो तर सगळ्यांना विचारत सुटतो. त्या लोकांकडं तर केवढाली यंत्रं, केवढा पैसा. त्यांना काय अवघड आहे?”

“आबा, पण...”

समोरून शास्त्रीबुवांचं बोट वर झालं. शशिकांतनं ‘पण’ गिळला. गिळताना दिसला, इतका मोठा होता.

“तू खाली बस म्हणालास,” आबा हळूच म्हणाले, “ते बरोबरच होतं रे. मला यातलं खरंच काही कळत नाही.”

शशिकांतला हुंदका आला. पन्नाशीचा माणूस, पाटावर मांडी घातलेला, त्यानं तो मोठ्यानं नाक ओढून दडवला आणि तो सगळ्यांना ऐकू गेला.

“मांड,” शास्त्रीबुवा म्हणाले. आवाज नेहमीइतकाच रुक्ष होता.

“आबा, तुमचं म्हणणं असं... त्या सकाळी तुमच्या तोंडून जे आलं, ते खरं नव्हतं. सगळ्यांनी ते खरं मानलं. मी तर त्यावर मोठा झालो. इतकं साधं खोटं जर इतकी वर्षं चाललं... तर सगळे मानतात म्हणून एखादी गोष्ट खरी आहे, हे तुम्ही कशाच्या भरवशावर धरायचं?”

खरखर आली. फोनचीच होती.

“हं,” आबा म्हणाले. “हेच. हेच म्हणायचं होतं मला.”

शास्त्रीबुवांनी सुपलीतले दाणे एका हातानं सारखे केले.

“झाला पूर्वपक्ष. आता पाट बदल आणि उत्तर दे.”

शशिकांत उठला नाही.

झेंड्याचं उत्तर त्याच्याकडं होतं. ताऱ्यांचं होतं. गुरुत्वाकर्षणाची तर दोन तास पुरतील इतकी उत्तरं होती. समोरचा रिकामा पाट त्याला दिसत होता, हातभर अंतरावर, आणि तिथं जाऊन बसून काय बोलायचं ते त्याला समजत नव्हतं.

“शास्त्रीबुवा, माझ्याकडं याला...”

“शशी,” मधेच फोनमधून आबा म्हणाले.

“काय, आबा?”

“तो खरं काय बोलत होता रे?”

शशिकांतनं फोन जवळ ओढला.

“इतकी वर्षं झाली. मला कधी कळलंच नाही. विचारायचं कुणाला? सगळे मलाच विचारायचे.”

शशिकांत ताडकन ताठ झाला. डोळे अजून ओले होते, पण हात आपोआप वर गेला, व्याख्यानात जातो तसा.

“आबा! आहे, सगळं आहे! त्या बोलण्याची ध्वनिफीत आहे, अक्षर अन् अक्षर! आणि आबा, मातीचं तुमचं बरोबर निघालं! तो शिडीच्या पायथ्याशी उभा राहून तेच सांगतो, जमीन बारीक आहे, जवळजवळ पिठासारखी! तुम्ही न समजता बरोबर सांगितलंत! आता ऐका, मी तुम्हाला पहिल्यापासून सांगतो. यान उतरल्यावर आधी कितीतरी वेळ ते आतच होते, कारण त्यांना...”

पावट्याच्या रसानं हिरवा झालेला एक हात मधे आला आणि त्यानं फोन उचलला.

“विष्णू, मी बोलतोय. जेवलास का?”

“नाही अजून, शास्त्रीबुवा.”

“मग थांब जरा. इतक्यात पानावर बसू नकोस. कुंदाला म्हणावं, आणखी एक पान वाढ.”

आणि शास्त्रीबुवांनी फोन बंद केला. तो त्यांना नीट बंद करता येत नव्हता, चार ठिकाणी बोट दाबून पाहिलं, तेव्हा झाला.

“अहो!” शशिकांत किंचाळला. “काय हे, शास्त्रीबुवा! इतक्या वर्षांनी त्यांनी विचारलं! मी सांगत होतो त्यांना! तुम्हीच म्हणालात उत्तर दे, मी उत्तरच देत होतो! आत्ता कुठं सुरुवात...”

शास्त्रीबुवांनी फोन त्याच्या मांडीवर टाकला. मग वाकून त्याच्या बुडाखालचा पाट दोन्ही हातांनी धरला आणि ओढला.

“बसल्या जागेवरून कुणी चंद्रावर गेलेलं नाही. ऊठ.”